कनेक्शन आईच्या नावावर

चार तिकिटं. मित्रांनो, या सगळ्या प्रकरणात आमच्या फुकटरावांच्या पदरात जास्तीत जास्त पडणार होतं ते एवढंच. चार तिकिटं, जाण्यायेण्याचं गाडीभाडं आणि मध्यंतरातल्या मक्याच्या लाह्यांचे दोन पुडे. मी हा हिशेब बऱ्याचदा मांडून पाहिला आहे. हॉलमधल्या पाण्याच्या महागड्या बाटल्या धरल्या, तरी आकडा पाच तिकिटांच्या पुढे काही सरकत नाही. पैशांचे भाव वरखाली होत असतात, म्हणून या गोष्टीतले सगळे आकडे मी तिकिटांतच सांगणार आहे.

सांगणारा मी म्हणजे एक जुना राउटर. तुमच्याही घरी माझा कुणी भाऊबंद असेलच. टीव्हीच्या मागे नाहीतर कपाटावर, अंगावर धूळ घेऊन, हिरवे दिवे मिचकावत बसलेला. माझ्या पाच दिव्यांपैकी एक आता पेटत नाही. पोटावर एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली आहे आणि तिच्यावर शाईने एक नंबर लिहिला आहे. तो कोर्टाचा आहे. माझ्या पिढीतल्या फार थोड्या राउटरांना हा मान मिळाला असेल. मला तो नको होता.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने मला एकदा सुरू केलं, दिवे मोजले, बंद केलं आणि खोक्यात घातलं. माझं बालपण तेवढंच. पुढे जोडणीवाला मला एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर घेऊन आला आणि दाराशेजारच्या चपलांच्या कपाटावर त्याने माझी स्थापना केली. जागा मोक्याची होती. दारात येणारा प्रत्येकजण मला दिसे.

घर बेलिफबाईंचं. कोर्टाची पाकिटं लोकांच्या हातात नेऊन देणं, हे बेलिफाचं काम. बाईंनी ते एकतीस वर्षं केलं. कुत्री अंगावर सोडणारे, खिडकीतून ‘ते घरी नाहीत’ असं स्वतःच सांगणारे, पाकीट पाहून चक्कर येऊन पडणारे, असे सगळे नमुने बाईंनी पाहिले होते. त्या निवृत्त झाल्या, तरी आळीतल्या कुणाच्याही घरी सरकारी कागद आला, की तो आधी त्यांच्याकडे यायचा. त्या चष्मा पुसायच्या, कागद दोनदा वाचायच्या आणि सोप्या शब्दांत सांगायच्या. त्यांचं एक वाक्य मला पाठ झालं होतं : “पाकीट घ्या हो. तुम्ही घेतलं नाहीत म्हणून कोर्ट विसरत नाही.”

त्यांचा मुलगा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून द्यायचा. कामात अगदी चोख. पण फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठी तो चार मैल पायी जाईल, म्हणून बायकोने त्याचं नाव फुकटराव ठेवलं होतं. ती स्वतः रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. माझं कनेक्शन घेताना फुकटरावांनी शोध लावला, की साठीच्या पुढच्या माणसाच्या नावावर घेतलं तर भाडं पाव हिश्श्याने कमी पडतं. अर्ज आईपुढे ठेवला. बाईंच्या एका हातात घास होता. त्यांनी दुसऱ्या हाताने सही करून टाकली. न वाचता केलेली त्यांची आयुष्यातली ती एकच सही असावी.

खालच्या मजल्यावर शिलाईकाकू भाड्याने राहायच्या. एक मशीन, एक कात्री, एक फोन, एवढा त्यांचा कारखाना. गिऱ्हाइकांची मापं, कापडांचे फोटो, पुढच्या ऑर्डरी, सगळं त्या फोनमध्ये. बाईंनी आपणहून त्यांना माझा पासवर्ड दिला होता. काकू जिन्याच्या चौथ्या पायरीवर येऊन बसायच्या, कारण तिथे मी चांगला पोचायचो. परतफेड म्हणून बाईंच्या ब्लाउजांच्या शिवणी त्या फुकट घालून द्यायच्या.

ती माझी सुखाची वर्षं. कौतुक म्हणाल तर राउटरचं कौतुक कुणी करत नाही. मी चालतो तेव्हा कुणी बघत नाही. अडलो, की सगळं घर येऊन माझ्यापुढे उभं राहतं आणि माझी मान मुरगळल्यासारखं बटण बंद-चालू करतं. पण माझ्यातून काय आत येतं आणि काय बाहेर जातं, याची नोंद मी चुकवली नाही.

एकदा सुनेची धाकटी बहीण दोन दिवसांसाठी आली. नवा सिनेमा लागला होता.

“चला ना, हॉलला जाऊ,” सून म्हणाली. “ती काही रोज येत नाही.”

“हॉलला? चौघं?” फुकटराव असे दचकले, जणू कुणी किडनी मागितली. “मी घरातच हॉल करतो. दिवे बंद केले की झालं.”

“फुकटराव, एकदा तरी खिसा उघडा. त्यालाही जरा हवा लागू दे.”

पण खिसा उघडला नाही. दुपारी फुकटरावांनी कॉम्प्युटरवर एक साइट उघडली आणि सिनेमा माझ्यातून घरात येऊ लागला. मित्रांनो, इथे एक गोम आहे. ती तेव्हा मलाच कळत होती. त्या पद्धतीत सिनेमाचे हजारो तुकडे होतात आणि ते अनोळखी माणसांच्या कॉम्प्युटरांवरून येतात. तुमच्याकडे एक तुकडा उतरला, की तोच तुमच्याकडून दुसऱ्याला पाठवला जातो. म्हणजे तुम्ही घेता घेता वाटत असता. फुकटरावांना वाटलं आपण नुसते गिऱ्हाईक आहोत. कायद्याच्या नजरेत ते दुकानदार झाले होते.

सिनेमा लागला. चित्र किंचित तिरपं होतं आणि मधूनच एक काळं डोकं पडद्यावरून सरकायचं.

“भाऊजी, हे खोकतंय कोण?” मेहुणीने विचारलं. “आपल्यातलं की सिनेमातलं?”

“सिनेमातलं.”

“ती बिचारी रडतेय आणि मागे एक माणूस घसा साफ करतोय. कथेत आहे का तो?”

“त्या पुढच्याला खाली बस म्हणावं,” बेलिफबाई म्हणाल्या. मग जरा वेळाने, “काय रे, हे आणलंस कुठून?”

“नेटवरून, आई. सगळेच बघतात.”

“कोर्टात येणारा प्रत्येकजण हेच म्हणतो,” बाई पुटपुटल्या आणि खुर्चीतच पेंगल्या. खोदून विचारायला हवं होतं, हे त्यांनी पुढे स्वतःच मान्य केलं. फुकटराव तर मध्यंतराच्या आधीच घोरू लागले होते.

कॉम्प्युटर मात्र चालूच राहिला. पुढचे अकरा दिवस सिनेमाचे तुकडे माझ्यातून बाहेर जात होते. त्या रांगेत घेणाऱ्यांच्या वेषात सिनेमा कंपनीची माणसंही उभी होती. कोणत्या पत्त्यावरून काय येतंय ते ती टिपून घेत होती. तो पत्ता माझा होता. कंपनीने कोर्टाकडून परवानगी आणून नेटवाल्यांना विचारलं, हा पत्ता कुणाचा? नेटवाल्यांनी अर्ज काढून नाव दिलं. ते बेलिफबाईंचं होतं.

पहिलं पत्र टपालाने आलं. फुकटरावांना सुट्टी होती. त्यांनी ते माझ्यासमोर उभ्याउभ्याच फोडलं. लिहिलं होतं ते साधं होतं : तुमच्या कनेक्शनवरून आमच्या सिनेमाचं बेकायदा वाटप झालं आहे, पंचवीस तिकिटांएवढी रक्कम तीस दिवसांत भरा, पुन्हा असं करणार नाही असं लिहून द्या, विषय संपला.

पंचवीस! फुकटरावांनी दुकानातल्या सोबत्याला फोन लावला.

“अरे, ते हजारोंना पाठवतात,” पलीकडून आवाज आला. “जो घाबरला तो भरतो. बाकीच्यांच्या दारात कुणी येत नाही.”

फुकटरावांना हवं तेच ऐकायला मिळालं. पत्र माझ्या खालच्या खणात, जुन्या बुटांच्या खोक्याखाली गेलं. दीड महिन्याने दुसरं आलं. त्यात चाळीस तिकिटं होती. तेही तिथेच गेलं.

आईला न सांगण्याचं आणखी एक कारण होतं. कोर्टात एक तडजोड मंडळ निघणार होतं. शेजाऱ्यांची भांडणं, भाड्याचे वाद, अशी लहान प्रकरणं खटल्याआधीच मिटवण्यासाठी तिथे निवृत्त माणसांना बसवणार होते. तीन खुर्च्या होत्या आणि एकीसाठी बाईंचं नाव सुचवलं गेलं होतं. अट एकच, स्वतःच्या नावावर कोणतंही प्रकरण चालू नसावं. बाई वर्षभर त्या निवडीकडे डोळे लावून बसल्या होत्या. आयुष्यभर लोकांच्या दारात वाईट बातमी घेऊन गेले, आता चार भांडणं मिटवून देईन म्हणते, असं त्या काकूंना सांगायच्या. आपण गप्प बसलो तर हे आपोआप विरून जाईल, असा फुकटरावांचा हिशेब होता.

एका सकाळी बेल वाजली. दारात कोर्टातला तरुण बेलिफ उभा होता. त्याला बाईंनीच कामात तयार केलं होतं.

“अरे, ये ये! कालच आठवण काढली तुझी. चहा टाकते.”

तो आत आला नाही. खांद्याची पिशवी त्याने दोन्ही हातांनी धरली होती.

“बाई, आधी... नाव सांगा.”

“कुणाचं?”

“तुमचं. पूर्ण.”

बाई हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. ओळखीचा माणूस असला, तरी नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं आणि मगच पाकीट हातात ठेवायचं, हा नियम त्यांनीच त्याला शिकवला होता. त्यांनी पदर सारखा केला आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं. पोराने पाकीट दिलं, वहीवर सही घेतली आणि मान वर न करता म्हणाला, “दोन पत्रं आधी येऊन गेल्याचं त्यात लिहिलंय, बाई. तुम्ही उत्तर दिलं नाहीत असं. मला खरंच वाटेना.”

“कसं वाटेल?” बाई म्हणाल्या. “जा तू. तुझी पुढची पाकिटं असतील.”

संध्याकाळी खण उघडला गेला. बुटांचं खोकं बाजूला झालं. आवाज चढला नाही. बाई म्हणाल्या, “एकतीस वर्षं मी दारोदार हेच सांगत फिरले, आणि माझ्या घरात पाकिटं बुटाखाली.”

“आई, तुला त्रास नको म्हणून...”

“त्रास मला झालेला नाही अजून. तो पुढे आहे. वकील गाठ. आणि काय झालं ते खरं खरं लिहून दे.”

वकील आले. माणूस गोड. त्यांनी मला उचलून उलटंपालटं केलं आणि विचारलं, “याचा पासवर्ड कुणाकुणाकडे आहे?”

“आम्ही तिघं,” फुकटराव म्हणाले. थोडं थांबून, “आणि खालच्या काकू.”

“मग झालं की! तेवढंच लिहू. पासवर्ड खालच्या भाडेकरूकडेही होता, डाउनलोड कुणी केलं ते सांगता येत नाही. यात खोटं काय आहे?”

बाई तेव्हा बाजारात गेल्या होत्या. वकीलपत्रावर त्यांची सही आधीच झालेली होती. उत्तर वाचायला दे, असं त्या दोनदा म्हणाल्या. दुसऱ्यांदा फुकटराव म्हणाले, “दाखल झालं, आई. मुदत संपत होती.”

तीन आठवड्यांनी शिलाईकाकू जिना चढून वर आल्या. गळ्यात माप घ्यायची पट्टी तशीच, हातात पाकीट.

“बाई, तुमचा तो मुलगा आला होता कोर्टातला. मला नाव विचारलं आणि हे दिलं. काय आहे हो? भाडं तर मी वेळेवर देते.”

बाईंनी चष्मा पुसला. कागद एकदा वाचला. दुसऱ्यांदा वाचायला घेतला आणि अर्ध्यावरच थांबल्या. फुकटराव स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

“काकू,” बाई म्हणाल्या, “तुमच्यावर आळ आलाय. सिनेमा चोरून वाटल्याचा. तो आमच्या घरातून आलाय. परवा कोर्टात यावं लागेल. मी बरोबर असेन.”

“सिनेमा?” काकूंना काही केल्या उमजेना. “मी? मला शेवटचा सिनेमा बघून किती वर्षं झाली तेही आठवत नाही, बाई.”

त्या गेल्यावर सून नवऱ्याला म्हणाली, “अहो, हे कुठे फेडाल?” बाई त्याहून कमी बोलल्या. “परवा तुझ्या नावाचा पुकारा होणार नाही. माझा होईल आणि काकूंचा होईल. तुला उठायचं असेल तर आपलं आपण उठावं लागेल.”

कोर्टाने मलाही बोलावलं होतं. पासवर्डचं कुलूप होतं की नव्हतं, हे तपासायला. मी सुनेच्या कापडी पिशवीत बसून गेलो. तिथे एका कारकुनाने माझ्या पोटावर ती चिठ्ठी चिकटवली आणि मला टेबलावर ठेवलं. बाकावर सिनेमा कंपनीच्या हिशेबनीस बाई डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कंपनी म्हणजे मोठा वाडा असेल असं मला वाटलं होतं. त्या शिलाईकाकूंना सांगत होत्या, “नऊच माणसं आहोत हो आम्ही. पहिल्या आठवड्यात हॉल अर्धे रिकामे गेले. ध्वनीवाल्याचा पगार अजून थकलाय.” काकूंनी मान हलवली. पगार थकणं त्यांना समजत होतं.

बाहेर पुकारा झाला. तरुण बेलिफाने बाईंचं पूर्ण नाव घेतलं. ज्या दारातून त्या इतकी वर्षं पाकिटं घेऊन बाहेर पडल्या होत्या, त्याच दारातून त्या आत आल्या आणि आरोप झालेल्यांच्या जागी उभ्या राहिल्या. टंकलेखक, शिपाई, कारकून, सगळे ओळखीचे. सगळ्यांना एकदम आपापल्या कागदांत काहीतरी महत्त्वाचं सापडलं.

मग काकूंना विचारलं, पासवर्ड तुमच्याकडे होता?

“होता, साहेब. बाईंनी दिला होता. ब्लाउजचे नमुने बघते मी त्यावर.”

कंपनीचे वकील उठले. म्हणाले, मग या बाईंचा फोन तपासणीसाठी जमा करून घ्यावा, अहवाल यायला दोन-अडीच महिने लागतील. न्यायाधीशांनी विचारपूस केली आणि शिपायाला खूण केली. काकूंनी फोन दोन्ही हातांत घट्ट धरला.

“साहेब, लोकांची मापं आहेत यात. शाळेच्या गणवेशाची ऑर्डर आहे. हा गेला तर मी शिवू काय?”

शिपाई हात पुढे करून उभा राहिला. काकूंनी आधी बाईंकडे पाहिलं, मग फोनकडे, आणि तो पुढे केला.

मागे बाक करकरला. फुकटराव उभे होते.

“फोन नका घेऊ,” ते म्हणाले. “मी केलं ते. माझ्या कॉम्प्युटरवरून. काकूंचा काही संबंध नाही. आईचाही नाही. दोन्ही पत्रं मीच लपवली.”

त्यांचे गोड वकील टेबलाखाली पेन शोधू लागले.

“मग हे आधी का नाही लिहिलंत?” न्यायाधीशांनी विचारलं.

“पंचवीस तिकि... पैसे वाचवायचे होते, साहेब.”

फोन काकूंकडे परत गेला. बाईंचं आणि काकूंचं नाव प्रकरणातून काढलं आणि फुकटरावांचं घातलं. पुढच्या तारखेला निकाल आला. सिनेमा वाटल्याची भरपाई एकशे चाळीस तिकिटं, कंपनीचा खटल्याचा खर्च साठ, दिशाभूल करणारं उत्तर दिल्याबद्दल दंड वीस. पुन्हा असं घडलं तर तुरुंगाची पाळी येऊ शकते, हे न्यायाधीशांनी वाचून दाखवलं आणि खाली सही करून घेतली. न्यायाधीशबाई शेवटी एवढंच म्हणाल्या, “पहिल्या पत्राला उत्तर दिलं असतंत तर तुमचा चेहरा मला बघावा लागला नसता.”

जिन्यात तरुण बेलिफाने बाईंना गाठलं. “बाई, मंडळाची यादी पहिल्या तारखेच्या आदल्या आठवड्यातच लागली होती. तुमच्या नावावर तेव्हा प्रकरण चालू होतं, म्हणून...”

“बरोबर केलं त्यांनी,” बाई म्हणाल्या. “यादी माझ्या हातात असती तर मीही खोडलं असतं.” आणि त्या सावकाश पायऱ्या उतरल्या.

मित्रांनो, माझ्यातून आत येणारं प्रत्येक फुकट कुणाचं तरी काम असतं आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर घराचा पत्ता असतो. तुमच्या घरचं कनेक्शन कुणाच्या नावावर आहे, हे आज विचारून ठेवा. त्या माणसाचं नाव तुमच्या हातात दिलेलं आहे, ते जपा. आणि पत्र आलं तर लपवू नका, ते वाचू शकणाऱ्या मोठ्या माणसाच्या हातात द्या. मी नुसता दिवे मिचकावू शकतो, ओरडू शकत नाही. ओरडता आलं असतं तर त्या दुपारीच ओरडलो असतो.

आता कुणी काय भरलं ते सांगतो.

फुकटरावांनी वकिलाची पंचेचाळीस धरून एकूण दोनशे पासष्ट तिकिटं भरली, चौदा हप्त्यांत. सुनेने प्रयोगशाळेतल्या बढतीच्या परीक्षेची फी एक वर्ष पुढे ढकलली. मेहुणीने काहीच भरलं नाही, पण ती आता भाऊजींच्या घरी सिनेमाचा विषय काढत नाही. कंपनीच्या ध्वनीवाल्याला थकलेला पगार मिळाला की नाही, ते माझ्यापर्यंत आलेलं नाही. बेलिफबाईंनी मंडळावरची आपली खुर्ची भरपाईत दिली. ती त्यांना या वयात पुन्हा कुणी देणार नाही.

शिलाईकाकूंनी कोर्टात एक पैसाही भरला नाही. कोर्टाच्या खेपांत त्यांचे दोन दिवस गेले आणि गणवेशाची ऑर्डर दुसरीकडे गेली. फुकटराव एका रविवारी माझा नवा पासवर्ड कागदावर लिहून खाली घेऊन गेले, दारात उभं राहून माफी मागून आले. काकूंनी कागद घेतला, चहाही दिला. पण माझ्याशी जोडलेल्या फोनांची यादी माझ्याकडे असते, मित्रांनो, आणि ती मी रोज पाहतो. त्यात काकूंचा फोन नाही. त्या आता दर महिन्याला स्वतःच्या पैशांनी नेट भरतात.